मंत्रिपद, वर्ग आणि दूरचित्रवाणी : फिलिपिन्सच्या अर्थतज्ज्ञ सोलिता मोन्सोद

केवडा

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०११ ते २०१४ ही तीन वर्षे मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत राहिलो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खाणावळ होती. तिकडे तिला कारिंदेर्या म्हणतात. काचेमागे पातेली मांडलेली असतात आणि आपण बोट दाखवू ते भातावर वाढून मिळते. मालकीणबाई दर शुक्रवारी मुगाची आमटी करत आणि सुकट घालण्याआधीच माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढून ठेवत. एका संध्याकाळी फडताळावरच्या दूरचित्रवाणी संचावर एक वयस्कर बाई कुणा लोकप्रतिनिधीची मुलाखत घेत होत्या. त्यांनी एक आकडा विचारला, पाहुण्याने भाषण केले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पाहुण्याने दुसरे भाषण केले. तिसऱ्यांदा त्यांनी तोच प्रश्न अधिक सावकाश विचारला, तेव्हा मालकीणबाई हातातला डाव तसाच धरून संचाजवळ गेल्या आणि त्यांनी आवाज वाढवला. जेवणारी माणसेही वर पाहू लागली. या कोण, असे मी विचारले तेव्हा उत्तर आले, "मारेंग विनी."

त्या होत्या सोलिता कोलास-मोन्सोद; विनी हे त्यांचे लाडके नाव. फिलिपिन्स विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात त्यांनी अनेक दशके शिकवले, १९८६ ते १९८९ या काळात देशाच्या आर्थिक नियोजनाचे मंत्रिपद सांभाळले, ते सोडले, आणि पुढे दूरचित्रवाणी व वृत्तपत्रीय स्तंभांतून सामान्य माणसाला अर्थशास्त्र समजावून सांगण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. त्यांच्याविषयी मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीतला मधला प्रसंग, म्हणजे कर्जाच्या प्रश्नावरचा राजीनामा, आपल्याकडच्या वाचकांना माहीत असावा असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा.

मोन्सोद यांचा जन्म १९४० चा. फिलिपिन्स विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकल्या आणि परत येऊन आपल्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांचे पती क्रिस्तियन मोन्सोद हेही सार्वजनिक जीवनातले मोठे नाव. १९८६ च्या निवडणुकीत मतमोजणीवर नागरिकांची देखरेख ठेवणाऱ्या 'नामफ्रेल' या संघटनेचे ते पदाधिकारी होते, त्याच वर्षी नव्या राज्यघटनेच्या मसुदा आयोगाचे सदस्य झाले आणि पुढे १९९१ ते १९९५ या काळात निवडणूक आयोगाचे अध्यक्ष राहिले.

आता त्या काळाची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय राजीनाम्याचा अर्थ लागत नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेते निनॉय अकिनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली, परकीय भांडवल देशातून पळाले, आणि ऑक्टोबरमध्ये हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस यांच्या सरकारला परकीय कर्जाची परतफेड स्थगित करावी लागली. पुढच्या दोन्ही वर्षांत, १९८४ आणि १९८५ मध्ये, देशाचे उत्पन्न प्रत्येकी सुमारे ७ टक्क्यांनी घटले. १९८४ मध्ये महागाई ५० टक्क्यांच्या घरात गेली. नारळ आणि साखर ही लक्षावधी शेतकऱ्यांची पिके मार्कोस यांच्या मर्जीतल्या माणसांच्या मक्तेदारीत होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलातल्या एड्सा महामार्गावर लोक उतरले, मार्कोस देश सोडून गेले आणि निनॉय यांच्या पत्नी कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी नियोजनाची जबाबदारी मोन्सोद यांच्यावर सोपवली.

राष्ट्रीय आर्थिक व विकास प्राधिकरण, ज्याला तिथे सगळे नेडा म्हणत, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. त्यांच्या कार्यकाळाच्या सुरुवातीलाच अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने आर्थिक सुधारणांचा आराखडा तयार केला. मुखपृष्ठाच्या रंगावरून तो 'पिवळे पुस्तक' म्हणून ओळखला गेला. मक्तेदाऱ्या मोडा, शेतीवरचा अन्याय्य भार काढा, सरकारने जे धंदे करू नयेत त्यांतून बाहेर पडा, असा त्याचा रोख होता. यातले बरेचसे झालेही. अर्थव्यवस्था पुन्हा वाढू लागली आणि १९८८ मध्ये वाढीचा वेग ६ टक्क्यांच्या वर गेला.

अडले ते कर्जापाशी. मार्कोस यांनी मागे सुमारे २६ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज ठेवले होते. हे सगळे कर्ज फेडलेच पाहिजे, नाहीतर जगात पत राहणार नाही, असे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर म्हणत होते. मोन्सोद यांचे म्हणणे वेगळे होते. सगळे कर्ज बुडवावे असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. गैरव्यवहारातून उभे राहिलेले कर्ज वेगळे काढून नाकारावे, आणि उरलेल्या कर्जाचा हप्ता आधी ठरवून मग देशाची वाढ त्यात बसवण्याऐवजी देशाला सावरण्यासाठी किती पैसा लागतो ते आधी ठरवून मग हप्ता ठरवावा, असा त्यांचा आग्रह होता. मंत्रिमंडळात हा आग्रह टिकला नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर नवा कार्यक्रम ठरला, धोरण बदलणार नाही हे स्पष्ट झाले, आणि मोन्सोद पायउतार झाल्या. त्यांच्यावर ना कसला आरोप होता, ना त्यांचे कुणाशी वैयक्तिक भांडण होते. ज्या हिशेबावर आपला विश्वास नाही तो आपल्या सहीने पुढे जाऊ नये, एवढ्याच कारणाने त्यांनी खुर्ची सोडली.

पाणकोळी

केवडाताई, लेख आवडला. मी सहकारी बँकेत तेहेतीस वर्षे कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे एक शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. ऋणको जेव्हा म्हणतो की हे कर्ज मागच्या कारभाऱ्याने घेतले, मी देणार नाही, तेव्हा धनको ते ऐकून घेत नाही. संस्था तीच असते, कारभारी बदलला म्हणून देणे बदलत नाही. मग देशाच्या बाबतीत 'निवडक' नकार देण्याला आधार काय? आणि कोणते कर्ज गैरव्यवहाराचे, हे ठरवायचे कुणी? राजीनाम्याबद्दल मला आदरच आहे, पण त्यांची भूमिका व्यवहारात उतरली असती का, हे समजून घ्यायचे आहे.

केवडा

पाणकोळीकाका, आपली शंका अगदी रास्त आहे, आणि त्या वेळी अर्थमंत्रालयही नेमके हेच म्हणत होते. म्हणून एक उदाहरण सविस्तर मांडते.

मनिलाच्या उपसागरापलीकडे बाताआन प्रांतात मोरोंग नावाचे गाव आहे. तिथे मार्कोस यांच्या काळात वेस्टिंगहाऊस या अमेरिकी कंपनीने अणुविद्युत प्रकल्प उभारला. सुरुवातीची बोली दोन अणुभट्ट्यांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरची होती. शेवटी ६२१ मेगावॉटची एकच भट्टी उभी राहिली आणि खर्च २ अब्ज डॉलरच्या वर गेला. कंत्राट मिळवून देण्यासाठी मार्कोस यांच्या निकटवर्तीयाला दलाली मिळाल्याची प्रकरणे पुढे न्यायालयात गेली. १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि अकिनो सरकारने हा प्रकल्प सुरूच न करण्याचा निर्णय घेतला. एका युनिटचीही वीज त्यातून कधी निघाली नाही. तरी कर्ज फिटेपर्यंत २००७ साल उजाडले. १९८६ मध्ये शाळेत जाणारे मूल हा हप्ता भरणारा करदाता होऊन तिशीच्या आसपास आले, तोवर देणे चालूच होते. निवडक नकार म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. या कर्जात धनकोलाही व्यवहार संशयास्पद असल्याचे दिसत होते, असा दावा करता येत होता. फिलिपिन्स सरकारने कंपनीवर अमेरिकेत खटला भरला, पण १९९३ मध्ये न्यू जर्सीतल्या ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे काका, गैरव्यवहार सिद्ध करणे सोपे नसते हा आपला मुद्दा खरा ठरला.

दुसरी गोष्ट आपल्याला चटकन कळेल, कारण महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या निमित्ताने 'थकहमी' हा शब्द आपण सतत ऐकतो. मार्कोस यांच्या मित्रांच्या कंपन्यांनी परदेशातून कर्जे काढली तेव्हा सरकारी वित्तसंस्थांनी त्यांना हमी दिली. कंपन्या बुडाल्या आणि ते देणे त्या वित्तसंस्थांवर आले. त्याही डबघाईला आल्या तेव्हा त्यांची बुडीत खाती आणि देणी नव्या सरकारने आपल्या अंगावर घेतली. खासगी कर्ज सार्वजनिक झाले ते असे. त्यामुळे 'संस्था तीच, देणे तेच' हा नियम इथे सरळ लागू होत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७७ मध्ये मार्कोस यांनी फर्मान काढून ठेवले होते की कर्जफेडीची रक्कम संसदेच्या वार्षिक मंजुरीशिवाय आपोआप वळती व्हावी. लोकशाही परत आल्यावर ही तरतूद जाईल अशी अपेक्षा होती. पण नवी संसद २७ जुलै १९८७ रोजी भरणार होती आणि २५ जुलैला, म्हणजे फक्त दोन दिवस आधी, राष्ट्राध्यक्षांनी आपल्या अधिकारात जी प्रशासकीय संहिता जारी केली, तिच्यात ही तरतूद कायम राहिली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या पैशासाठी दरवर्षी संसदेत भांडावे लागते, कर्जाचा हप्ता मात्र विचारण्याआधीच निघून जातो. त्या दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चातल्या दर १०० पेसोंतले ४० च्या आसपास कर्जफेडीत जात होते.

सह्यकडा

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. वरच्या चर्चेत वाटाघाटीचा एक तपशील जोडावासा वाटतो, कारण विद्यार्थ्यांना 'वाटाघाटीची ताकद' ही कल्पना समजावताना मी तोच वापरतो. १९८६ मध्ये मेक्सिकोने परदेशी बँकांकडून कर्जाची पुनर्रचना करून घेतली तेव्हा लंडनच्या आंतरबँक दरावर आणखी तेरा षोडशांश टक्का व्याज ठरले. मार्च १९८७ मध्ये फिलिपिन्सला सात अष्टमांश, म्हणजे चौदा षोडशांश टक्का मान्य करावा लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच अर्जेंटिनाला पुन्हा तेरा षोडशांश मिळाला. जुन्या आण्यांच्या भाषेत सांगायचे तर इतरांना तेरा आणे आणि फिलिपिन्सला चौदा आणे. फरक एका आण्याचा. पण दर १० अब्ज डॉलरमागे तो वर्षाला साडेबासष्ट लाख डॉलर होतो. वेळेवर फेडणारा सालस ऋणको म्हणून नाव मिळवल्याचा फायदा व्याजदरात दिसला नाही, हे त्यातून उघड झाले. मोन्सोद यांच्या बाजूचा खरा युक्तिवाद नैतिक जितका होता तितकाच व्यावहारिक होता, असे माझे मत आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा भारताशी असलेला एक दुवाही सांगतो. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये 'साउथ कमिशन' काम करू लागले. विकसनशील देशांनी आपला मार्ग आपण कसा शोधावा, याचा विचार करण्यासाठी ते नेमले होते. त्याचे सरचिटणीस होते डॉ. मनमोहन सिंग, सदस्यांमध्ये आपल्याकडच्या देवकी जैन होत्या आणि फिलिपिन्समधून सोलिता मोन्सोद. आयोगाचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी मनमोहन सिंग भारताचे अर्थमंत्री झाले, तेही परकीय चलनाच्या संकटात. एक जण त्या वाटेने मंत्रिपदाकडे गेला, दुसरी व्यक्ती नुकतीच मंत्रिपदावरून उतरली होती. दोघांनाही कर्जाने ग्रासलेल्या देशाचा हिशेब मांडावा लागला. मला या आयोगाचा अहवाल शिकवताना ही सदस्ययादी वर्गाला वाचून दाखवायला आवडते.

मोगरा

चर्चा फार उत्तम चालली आहे. माझा प्रश्न साधा आहे. 'मारेंग' म्हणजे काय? मी मूळची मडगावची, आणि मला त्यात काहीतरी ओळखीचे ऐकू येते. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला पाद्रिन आणि माद्रिन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता लाभतात, आणि ते नाते आयुष्यभर पाळले जाते. तसेच काही आहे का?

केवडा

मोगराताई, तुमच्या कानाला बरोबर ऐकू आले. गोव्यात जे पोर्तुगीजांमुळे आले ते फिलिपिन्समध्ये स्पॅनिश लोकांमुळे आले. मुलाची आई आणि धर्ममाता या दोघी एकमेकींच्या 'कुमारे' होतात, त्याचे लाडके रूप 'मारे'. पुरुषांमध्ये तसेच 'कुम्पारे' आणि 'पारे'. पुढे हे शब्द बाप्तिस्म्याच्या पलीकडे गेले आणि घरोब्याच्या कुणालाही लावले जाऊ लागले. 'मारेंग विनी' म्हणजे आपल्या घरातलीच असलेली, वडीलकीने बोलणारी विनी. माजी मंत्री आणि प्राध्यापक असलेल्या बाईला एखादा रिक्षावाला या नात्याने हाक मारतो, यातच त्यांच्या दूरचित्रवाणीवरच्या कामाचे यश आले.

त्या कामाविषयी आता लिहिते. जीएमए वाहिनीवर 'डिबेट विथ मारे अॅट पारे' हा त्यांचा वादचर्चेचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला. त्यात 'मारे' त्या होत्या आणि 'पारे' होते ऑस्कर ओर्बोस, जे अकिनो यांच्या काळात कार्यकारी सचिव आणि पुढे पांगासिनान प्रांताचे गव्हर्नर होते. सकाळच्या 'उनांग हिरित' या कार्यक्रमात त्या दिवसाच्या बातमीमागचे अर्थकारण थोडक्यात सांगत. २०११ मध्ये त्यांचा 'बावाल आंग पासावाय काय मारेंग विनी' हा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला. मी कारिंदेर्यात पाहिला तो हाच. 'बावाल' म्हणजे मनाई आणि 'पासावाय' म्हणजे ऐकत नाही असा, आगाऊ. बावाल हा शब्द तिथल्या गल्लीतल्या किराणा दुकानांत रोज दिसतो, कारण आपल्याकडे 'आज रोख उद्या उधार' लिहितात तसे तिथे आज उधारीला बावाल, उद्या चालेल अशा अर्थाची पाटी लावतात. मारेंग विनींकडे आगाऊपणाला मनाई, असा नावाचा अर्थ.

दूरचित्रवाणीवर आलेला प्राध्यापक बहुतेक वेळा दोनपैकी एका मार्गाने जातो; एकतर तो वर्गातली भाषा तशीच घेऊन येतो आणि कुणी ऐकत नाही, किंवा ऐकणाऱ्यांना खूश ठेवता ठेवता आकडे सोडून देतो. मोन्सोद यांनी टागालोग आणि इंग्रजी यांची मनिलात रोज बोलली जाते ती मिसळण वापरली, आवाज चढवला, पाहुण्याला अडवले, पण आकडा सोडला नाही. मार्कोस यांचा काळ देशाचा सुवर्णकाळ होता असे पुन्हा पसरवले जाऊ लागले तेव्हा उत्तर द्यायला हीच पद्धत उपयोगी होती. कारण त्यासाठी एकच गोष्ट पुरते : १९८२ मध्ये फिलिपिन्सचे जे दरडोई उत्पन्न होते, तिथवर परत पोहोचायला देशाला जवळजवळ २००३ साल यावे लागले. रस्ते आणि पूल डोळ्यांना दिसतात, गेलेली वीस वर्षे दिसत नाहीत. ती कुणीतरी मोजून दाखवावी लागतात.

राजकारणातही त्यांनी एकदा प्रयत्न केला. २००१ मध्ये त्या सिनेटच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. कुटुंबनियोजनाच्या साधनांचा गरीब स्त्रियांना हक्क देणारा जो कायदा डिसेंबर २०१२ मध्ये झाला, त्याच्या बाजूने मात्र त्यांनी चर्चचा उघड विरोध असतानाही सातत्याने लिहिले, आणि माझ्या मते निवडणूक जिंकून जे करता आले असते त्यापेक्षा हे मोलाचे होते.

दूरदेशी

मी टोरंटोहून लिहिते आहे. मोन्सोद यांचे नाव मला ठाऊक होते, पण वेगळ्या कारणाने. २०१० मधले त्यांचे वर्गातले एक व्याख्यान, सत्राच्या शेवटचे, आंतरजालावर फार फिरले होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका फिलिपिनो मैत्रिणीने ते मला दाखवले आणि नंतर बराच वेळ ती गप्प बसली. तुम्ही या विद्यापीठात लोकांच्या कराच्या पैशावर शिकलात, देशाला मदत करायची असेल तर देशात राहावे लागेल, आणि फक्त कमावण्यासाठी निघून गेलात तर ज्यांनी तुम्हाला शिकवले त्यांच्याशी ती प्रतारणा होईल, असे त्या विद्यार्थ्यांना सांगत होत्या.

मीही महाराष्ट्रातल्या एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नाममात्र शुल्कावर शिकले आणि इथे आले. त्यामुळे हे शब्द मला लागले, हे मान्य करते. पण ते पूर्ण न्याय्य आहेत असे मला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी आई इथल्या रुग्णालयात महिनाभर होती तेव्हा रात्रपाळीच्या तीन परिचारिका फिलिपिनो होत्या. त्यांतली एक आईचे केस विंचरून वेणी घालायची, आणि मधल्या सुटीत गावाकडच्या भावाच्या शुल्काचे पैसे फोनवरून पाठवायची. २०१० या एका वर्षात परदेशातल्या फिलिपिनोंनी मायदेशी सुमारे १८.८ अब्ज डॉलर पाठवले. ज्या देशाला कर्जाच्या हप्त्यांसाठी डॉलर हवे असतात त्या देशाला हे डॉलर कुणी दिले? ज्यांना 'निघून गेले' म्हटले जाते त्यांनीच. शिवाय सरकारनेच १९७४ पासून परदेशातल्या नोकऱ्यांना धोरण म्हणून चालना दिली. आधी माणसांना बाहेर पाठवायचे आणि मग त्यांनाच निष्ठा विचारायची, हे मला पटत नाही.

सह्यकडा

दूरदेशी, आपण मांडलेली बाजू खरी आहे, पण ते व्याख्यान कुणासमोर झाले याचा विचार व्हावा असे वाटते. समोर घरकामगार किंवा जहाजावरचे खलाशी नव्हते. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी विद्यापीठाची मुले होती. त्या विद्यापीठात २००७ मध्ये शुल्क प्रति श्रेयांक ३०० पेसोंवरून १,००० पेसोंपर्यंत वाढवले तरी त्यात मोठा भाग जनतेच्या पैशाचा होता. पैसे भरणाऱ्या लोकांमध्ये अशीही घरे होती ज्यांची स्वतःची मुले त्या विद्यापीठाच्या दारापर्यंत कधी पोहोचणार नव्हती, कारण कर फक्त उत्पन्नावर नसतो, मीठ-साबणाच्या किमतीतही असतो. हा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? मी स्वतः दरवर्षी विचारतो, आणि दरवर्षी माझे चांगले विद्यार्थी बाहेर जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण प्रश्न विचारणे मी थांबवलेले नाही.

पाणकोळी

मला इथे एक फरक करावासा वाटतो. परिचारिका पैसे पाठवते ते आपल्या घराला. विद्यापीठाने तिच्यावर खर्च केलेला असतो तो सगळ्यांच्या वतीने. घराचे कर्ज फिटते, गावाचे राहते. दूरदेशी, हे मी तुमच्यावर दोष म्हणून लिहीत नाही; माझा मुलगाही गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे.

पांथस्थ

मी सिंगापूरला असतो. आतापर्यंतच्या चर्चेत मोन्सोद यांची एकच बाजू आली आहे, म्हणून दुसरी नोंदवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी 'फिलिपिन्स डेली इन्क्वायरर' मधल्या आपल्या स्तंभात, फिलिपिनो लोक चीनवर अविश्वास का ठेवतात, या विषयावर लिहिले. चीनच्या दक्षिण चीन समुद्रातल्या वर्तनावर टीका करता करता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या चिनी वंशाच्या नागरिकांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली. त्या समाजातून तीव्र प्रतिक्रिया आल्या आणि त्या योग्यच होत्या, असे मला वाटते. मनिलाचा बिनोंदो भाग स्पॅनिश काळापासून या लोकांचा आहे. तिथे जन्मलेल्या, टागालोग बोलणाऱ्या माणसाला तू खरा कुणाचा, असे विचारणे दुखावणारे आहे. आकड्यांवर इतका भर देणाऱ्या अभ्यासक बाईंनी एका संपूर्ण समाजाविषयी असे सरसकट विधान करावे, याचे मला वाईट वाटले.

केवडा

पांथस्थ, हे लिहिल्याबद्दल आभार. मुळात हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवे होते. तो स्तंभ मी वाचला आहे आणि मला त्याचे समर्थन करता येत नाही. ज्या बाईंनी सगळे कर्ज एका मापाने मोजू नका, प्रत्येक करार तपासा, असे मंत्रिमंडळात ठासून सांगितले, त्यांनीच माणसांच्या बाबतीत एक माप लावले. त्यांच्याविषयीचा माझा आदर गेला नाही, पण त्या स्तंभापाशी तो अडखळतो.

दूरदेशी, आपल्या प्रतिसादावर मी दोन दिवस विचार केला. त्या व्याख्यानातला 'प्रतारणा' हा शब्द मलाही कठोर वाटतो, आणि धोरण आखणाऱ्या सरकारचा दोष वर्गातल्या मुलांवर येऊ नये हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. आमच्या कारिंदेर्याच्या मालकीणबाईंची धाकटी बहीण दुबईत हॉटेलात काम करत होती. खाणावळीतला शीतकपाट आणि तो दूरचित्रवाणी संच दोन्ही तिच्या पैशातून आले होते. म्हणजे मोन्सोद यांचा कार्यक्रम आम्ही सगळे पाहत होतो तो अशाच एका निघून गेलेल्या बाईमुळे.

दूरदेशी

केवडाताई, हे वाचून बरे वाटले. सह्यकडा सरांचा आणि काकांचा मुद्दाही मी मनात ठेवला आहे. त्याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. एकच विचारते. त्या स्वतः अमेरिकेत शिकायला गेल्या होत्या असे आपण लिहिले आहे. तिथे राहणे त्यांना शक्य नव्हते का?

केवडा

शक्य असावे, असे मला वाटते. पेनसिल्व्हेनियात शिकलेल्या अर्थतज्ज्ञाला साठच्या दशकात जागतिक बँकेपासून विद्यापीठांपर्यंत अनेक दारे उघडी होती, आणि त्यांच्या पिढीतले बरेच जण त्या दारांतून गेले. त्या दिलिमानला, म्हणजे फिलिपिन्स विद्यापीठाच्या केसोन सिटीतल्या आवारात, परतल्या. त्या विद्यापीठाच्या आवारात मी अनेकदा फिरायला जात असे. मोठ्या वर्षावृक्षांच्या सावलीतला गोल रस्ता आहे, संध्याकाळी तिथे मुले धावतात आणि कडेला भाजलेली मक्याची कणसे विकायला बसलेल्या बायका असतात. मंत्रिपद सोडल्यावरही त्यांनी इथलाच वर्ग धरून ठेवला. निवृत्तीचे वय उलटून गेल्यावर २०१० मध्ये ते व्याख्यान त्यांनी दिले, तेही याच आवारात.

धाग्याच्या शीर्षकात मी वर्ग मधोमध ठेवला होता. पाणकोळीकाका, आपल्या पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर राहिले आहे, कोणते कर्ज गैरव्यवहाराचे हे ठरवायचे कुणी. पुढच्या आठवड्यात त्या १९७७ च्या फर्मानाचा आणि १९९१ च्या निकालाचा मजकूर नीट वाचून, संसदेला लेखापरीक्षणाचा अधिकार कुठवर होता ते इथेच लिहिते.